लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल म्हणजे काय? ती कशी चालते? (रेंजवर चालवून पाहिल्यानंतरची माहिती)

पबजी किंवा बीजीएमआय खेळणाऱ्यांना मिरामार मॅपवर 'विन९४' नावाची बंदूक कधी ना कधी मिळालेली असणार. बहुतेक जण ती उचलतात, एक फायर करतात, मग हात खाली-वर होतो, 'खट-खटाक' असा आवाज येतो, तोवर समोरच्याने आपल्याला उडवलेलं असतं. मग ती बंदूक तिथेच टाकून आपण दुसरी शोधायला पळतो. मी पण तेच करायचो.

मागच्या सप्टेंबरमध्ये त्याच जातीची खरीखुरी रायफल मी टेक्सासमधल्या एका रेंजवर चालवून पाहिली. मी मूळचा साताऱ्याचा, इथे एच-१बी व्हिसावर सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या टीममधल्या एका सीनियरने नवीन मार्लिन ३३६ घेतली होती. नोव्हेंबरमध्ये हरणांचा सीझन सुरू होतो, त्याआधी तिची साइट जुळवायची होती. 'येतोस का?' म्हणाला. मी हो म्हणालो. माझा मावसभाऊ ऑगस्टमध्येच एमएस करायला आला होता, तोही निघाला. त्या दिवशी बंदुकीपेक्षा जास्त डोकं दुसऱ्याच गोष्टीने खाल्लं, ते पुढे सांगतोच. आधी मशीन समजून घेऊ.

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे नेमकं काय?

रायफलमधून गोळी सुटली की तीन कामं उरतात. रिकामी पुंगळी बाहेर काढायची, नवीन काडतूस आत घ्यायचं आणि हॅमर पुन्हा मागे ताणायचा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतः करते. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये आपण हाताने बोल्टची दांडी वर करून मागे ओढतो. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये चापाभोवतीची जी लोखंडी कडी असते, तीच लांबवून तिचा लिव्हर केलेला असतो. उजव्या हाताची तीन बोटं त्या कडीत असतात. कडी खाली-पुढे ढकलायची, पुन्हा वर ओढायची, झालं.

लिव्हर खाली जाताना आत हे सगळं एका दमात होतं: बोल्टला मागून अडवून धरणारा लोखंडी ठोकळा खाली सरकतो, बोल्ट मोकळा होऊन मागे येतो, येताना पुंगळीला कडेने धरून चेंबरमधून ओढून काढतो आणि अगदी शेवटी ती बाजूला फेकतो. मागे येणारा बोल्ट हॅमरलाही दाबून ताणून ठेवतो. नळीतलं पुढचं काडतूस 'कॅरियर' नावाच्या पट्टीवर येतं आणि ती पट्टी त्याला उचलून चेंबरच्या तोंडाशी नेते. लिव्हर वर ओढला की बोल्ट ते काडतूस आत ढकलतो आणि ठोकळा परत वर येऊन सगळं लॉक करतो. म्हणजे सायकलच्या पेडलसारखं आहे. पाय एकच हालचाल करतो, पण साखळी, दातेरी चाक, मागचं चाक सगळं फिरतं.

मार्लिनमध्ये एक छान गोष्ट आहे. लिव्हर पूर्ण वर येऊन दस्त्याला घट्ट चिकटल्याशिवाय चाप दाबलाच जात नाही. अर्धवट बंद अवस्थेत गोळी सुटू नये म्हणून.

मॅगझिन दिसत नाही, मग काडतुसं कुठे असतात?

नळीच्या खाली अजून एक बारीक नळी असते, तेच मॅगझिन. काडतुसं त्यात एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी उभी असतात आणि पुढून स्प्रिंग त्यांना मागे ढकलत राहते. भरायची जागा रायफलच्या उजव्या बाजूला. तिथे स्प्रिंगचं छोटं दार असतं, त्यातून अंगठ्याने एकेक काडतूस आत ढकलायचं. हे दार १८६६ च्या विंचेस्टरपासून आलं. त्याआधीच्या १८६० च्या हेन्री रायफलमध्ये नळी पुढच्या टोकाकडून उघडून भरावी लागायची. मार्लिन ३३६ च्या नळीत सहा काडतुसं मावतात आणि एक चेंबरमध्ये, म्हणजे एकूण सात. पहिल्यांदा भरताना माझ्या अंगठ्याचं नख सोलवटलं. मित्र हसत म्हणाला, सगळ्यांचं सोलवटतं.

आता महत्त्वाचं. काडतुसं एकामागे एक आहेत याचा अर्थ एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं. आणि बुडाच्या मधोमध काय असतं? प्रायमर. त्यावरच हॅमरचा ठोका बसला की दारू पेटते. मग टोकदार गोळी नळीत भरली आणि रायफलला धक्का बसला, तर ते टोकच ठोक्याचं काम करू शकतं. म्हणून नळीदार मॅगझिनमध्ये चपट्या किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या वापरतात. हल्ली हॉर्नाडी कंपनी टोकाला मऊ, रबरासारखं पॉलिमर लावलेल्या गोळ्या बनवते. त्या टोकदार असतात, हवा नीट कापतात, पण टोक मऊ असल्यामुळे प्रायमरला ठोका बसत नाही. साधा उपाय आहे, पण मला भारी आवडला.

.३०-३० हे कसलं नाव?

गेममध्ये विन९४ ला .४५ एसीपी ही पिस्तुलाची गोळी दिलीय. खरी विंचेस्टर १८९४ ज्यामुळे गाजली ते काडतूस म्हणजे .३०-३०. पहिला '३०' म्हणजे गोळीची जाडी, इंचाचे तीस शतांश. दुसरा '३०' म्हणजे सुरुवातीला त्यात भरलेली बिनधुराची दारू, तीस ग्रेन. ग्रेन हे जुनं वजन, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. १८९५ मध्ये हे काडतूस बाजारात आलं तेव्हा शिकारीसाठी बिनधुराची दारू ही अमेरिकेत नवी गोष्ट होती. त्याआधी काळी दारू, म्हणजे एक बार काढला की समोर धुराचा पडदा.

आम्ही वापरली ती १५० ग्रेनची गोळी, जवळपास पावणेदहा ग्रॅम. दोन पाच रुपयांची नाणी हातात घेतली तर तिच्यापेक्षा जड लागतील. पण ती नळीतून सेकंदाला ७२८ मीटरच्या आसपास वेगाने निघते. हिशोब केला तर ऊर्जा सुमारे २,५७५ ज्यूल. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरला वापरतात त्या .२२ गोळीच्या दहा पटींहून जास्त.

नळीच्या आत नागमोडी चर असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. या रायफलमध्ये साधारण १२ इंचांत, म्हणजे एका फुटात, एक फेरा. वेग सेकंदाला २,३९० फूट, म्हणून सेकंदाला तेवढेच फेरे. मिनिटाला किती? एक लाख चाळीस हजारांच्या वर. तुमच्या मिक्सरला लाजवेल.

मार्लिन का, विंचेस्टर का नाही?

थोडा इतिहास, पटकन. १८६६ पासून विंचेस्टर कंपनीने लिव्हरवाल्या रायफली गाजवल्या. १८९४ चं मॉडेल जॉन ब्राउनिंग यांनी डिझाइन केलं आणि त्याच्या सत्तर लाखांहून जास्त प्रती निघाल्या. जॉन मार्लिन यांची कंपनी १८७० ची. ३३६ हे मॉडेल १९४८ पासूनचं. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेल्यावर मार्लिनचा धंदा रुगर कंपनीने विकत घेतला आणि २०२३ मध्ये ३३६ परत बाजारात आणली. म्हणून 'नवीन' म्हणतोय, नाहीतर डिझाइन आजोबांच्या वयाचं आहे.

दोघींत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा. जुनी विंचेस्टर पुंगळी वरच्या बाजूने फेकते, त्यामुळे मधोमध दुर्बीण बसवता येत नव्हती, पुंगळी तिच्यावरच आपटली असती. मार्लिनचा वरचा भाग बंद आहे आणि पुंगळी उजव्या बाजूने जाते. दुर्बिणी स्वस्त झाल्या तेव्हा मार्लिनला याचा फायदा झाला.

पार्किंगमध्ये काय झालं?

रेंजवर पोचायच्या आधी गाडीत मावसभाऊ जाम खूश होता. 'दादा, माझी एक रील काढ हां, स्लो-मो मध्ये.' मी म्हटलं, तू बंदूक हातात घेणार नाहीस. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मित्रांनो, अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला जायचा विचार असेल तर हा भाग नीट वाचा. एफ-१, एच-१बी असे जे व्हिसे आहेत, त्यांना तिथल्या कायद्यात 'नॉन-इमिग्रंट' म्हणतात. अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा नुसती काडतुसं बाळगणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे, कलम ९२२(जी). विकत घेणं सोडा, रेंजवर भाड्याने किंवा मित्राची पाच मिनिटं हातात घेतलेलीही त्यात येऊ शकते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असणं. शिकार करायची असो वा नसो.

भाऊ म्हणाला, 'कोण बघतंय?' मी त्याला रेहैफ यांचा खटला सांगितला. हमीद रेहैफ विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात शिकायला आले होते. मार्क कमी पडले, विद्यापीठाने काढून टाकलं, व्हिसाचा आधार गेला. त्यानंतर ते एका रेंजवर गेले आणि दोन बंदुका चालवून पाहिल्या. त्यावरून खटला झाला, १८ महिन्यांची शिक्षा झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जून २०१९ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी कोर्टाने सांगितलं की, आपण इथे बेकायदा राहतोय हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. निकाल त्यांच्या बाजूने गेला हे खरं. पण आपला व्हिसा एफ-१ आहे हे कुठल्या विद्यार्थ्याला माहीत नसतं?

हे सगळं ऐटीत सांगून मी माझा परवाना दाखवायला फोन काढला. बघतो तर काय, ३१ ऑगस्टला संपलेला! टेक्सासचा परवाना तुम्ही कधीही घ्या, बहुतेक प्रकार ३१ ऑगस्टलाच संपतात. माझ्या डोक्यात 'वर्षभर चालतो' एवढंच होतं. हंटर एज्युकेशनचा कोर्स ऑनलाइन करून मी तो मागच्या डिसेंबरमध्ये काढला होता. दोन सप्टेंबरलाही मित्राच्या घरी मी हीच रायफल हातात घेऊन बघितली होती. भरलेली नव्हती, पण कायद्याला त्याने फरक पडत नाही. घाम फुटला राव.

सीनियर म्हणाला, असू दे, दोन बार मारून जा. तो चांगला माणूस आहे, पण तो इथलाच नागरिक, त्याला हे कधी शोधावंच लागलं नाही. मी पार्किंगमध्ये बसून फोनवरून नवीन परवाना काढला. रहिवाशांसाठी २५ डॉलर. नेटवर्क एक काडी, पेमेंटचं चाक वीस मिनिटं फिरत होतं. शेवटी पावती आली, तिचा स्क्रीनशॉट घेतला, पीडीएफही सेव्ह केलं.

'तुझा पार्किंगमध्ये निघतो आणि माझा नाही?' भाऊ म्हणाला. प्रश्न बरोबर होता. पण त्याला येऊन महिना झालेला, कोर्स केलेला नाही, नियम वाचलेले नाहीत. घाईत कसला तरी परवाना काढून त्याच्या व्हिसाशी खेळायची माझी तयारी नव्हती. मावशीला काय तोंड दाखवलं असतं? त्याला म्हटलं, आधी विद्यापीठातल्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचार, गरज पडली तर वकिलाला विचार, मग बघू. तो मागच्या बाकावर कानात मफ घालून तोंड फुगवून बसला. दोन तास.

रेंजवर प्रत्यक्षात कसं असतं?

गेमसारखं अजिबात नसतं. खूप वाट बघणं असतं. रेंज ऑफिसर 'हॉट' म्हणाला तरच हात लावायचा. 'कोल्ड' म्हटल्यावर अ‍ॅक्शन उघडी, चेंबरमध्ये रंगीत प्लॅस्टिकची पट्टी, आणि सगळे पिवळ्या रेषेच्या मागे. तेव्हाच लोक पुढे जाऊन टार्गेटचे कागद लावतात. बंदूक कायम भरलेली आहे असंच समजायचं, नळी कायम पुढे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं.

कानांचं वेगळं सांगतो. रायफलचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो. १४० च्या वर एका आवाजातही कान कायमचा बिघडू शकतो. तुमचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स याला चालत नाहीत, ते विमानाच्या घरघरीसाठी आहेत. इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात, त्यात बोलणं मोठं ऐकू येतं आणि बार झाला की आवाज दाबला जातो. आणि मोबाइलच्या व्हिडिओत बार फटाक्यासारखा का वाटतो? कारण फोनचा माइक एवढा आवाज झेपवूच शकत नाही, वरचा भाग कापून टाकतो. म्हणून रील बघून कोणी म्हणेल 'एवढा काही मोठा नाही', तर त्याचं ऐकू नका.

आधी ५० यार्डांवर. माझे पहिले पाच बार मधल्या ठिपक्याच्या चार इंच खाली, पण जवळजवळ पडले. म्हणजे हात बरा, साइट खाली. मागच्या साइटखाली पायऱ्या असलेली एक छोटी पट्टी असते, ती एक पायरी सरकवली की साइट उंच होते. नियम सोपा आहे: गोळी जिकडे न्यायची, मागची साइट तिकडे हलवायची. दोनदा सरकवली, जमलं.

मग माझी फजिती. सातव्या-आठव्या बाराला चाप दाबला आणि नुसतं 'टक'. असं झालं की लगेच उघडून बघायचं नसतं. दारू उशिरा पेटू शकते. नळी पुढेच ठेवून ३० सेकंद थांबायचं. मनात मोजत बसलो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब ३० सेकंद. मग लिव्हर उघडला तर बाहेर आली जळलेली, रिकामी पुंगळी! म्हणजे आधीच्या वेळी मी घाबरत घाबरत लिव्हर अर्ध्यावरच आणून परत वर ओढला होता. पुंगळी तर शेवटच्या टप्प्यात फेकली जाते, ती तशीच परत चेंबरमध्ये गेली. हॅमर तेवढ्यातच ताणला गेला होता, म्हणून सगळं ठीक वाटलं. नवीन माणसं हीच चूक करतात. लिव्हर हळू नाही, झटक्यात आणि शेवटपर्यंत. पण 'टर्मिनेटर २' मध्ये अर्नोल्ड एका हातात गोल फिरवतो तसंही नाही. तो लिव्हरवाला शॉटगन आहे, आणि तो सिनेमा आहे.

१०० यार्डांवर माझे पाच बार साधारण सहा इंचांत, सीनियरचे तीन इंचांत. त्याला तेवढं पुरे. १०० वर साइट जुळवली तर २०० यार्डांवर ही गोळी सात-आठ इंच खाली पडते. म्हणून ही झाडीतली, जवळच्या शिकारीची रायफल. त्यापलीकडे बार टाकायचा नाही, जनावर जखमी होऊन पळतं, असं तो म्हणाला. खांद्याला बसणारा धक्का सुरुवातीला कमी वाटला. दुसऱ्या दिवशी टी-शर्ट घालताना कळला.

शेवटी रिकामी करणं, जे मला सगळ्यात कमी आवडलं. जुन्या मॉडेलांमध्ये काढता येणारं मॅगझिन नसतं आणि इथेही नाही, त्यामुळे उरलेली काडतुसं लिव्हर चालवून एकेक करून बाहेर काढावी लागतात. बोट चापापासून लांब, सेफ्टीचं बटण दाबलेलं. मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं.

आपल्याकडे हे करता येतं का?

शिकार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे, आणि बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. पण नेमबाजी करता येते, आणि ती आपल्याकडे भारी आहे. पॅरिस २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणणारे स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातले, २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंतही कोल्हापूरच्याच. पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करतात.

स्लो-मो मध्ये गोळी दिसते का?

नाही. भावाने रुसून का होईना, मागून २४० फ्रेमवर शूट केलं होतं. हिशोब करा: ७२८ भागिले २४०, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये गोळी तीन मीटर पुढे गेलेली असते. पण लिव्हर मात्र झकास दिसतो. पुंगळी उजवीकडे उडते, खालून पितळी काडतूस वर डोकावतं, बोल्ट त्याला आत ढकलतो. वर जे तुम्हाला मशीन समजावलं, ते मला त्या क्लिपवरूनच नीट कळलं. गाडीत परत जाताना त्याने ती मला पाठवली, खाली लिहिलं होतं, 'कोर्सची लिंक पाठव.' पाठवलीय. आणि माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये दर वर्षी १५ ऑगस्टला एक रिमाइंडर लावलाय: परवाना.